लेकीला अनामत नाही

"वाटेत कुठे बाटल्या दिसल्या का गं?"

एका खांद्यावर सामानाची पिशवी आणि डोक्यापासून पायापर्यंत धुळ्याची धूळ अशी मी कारखान्याच्या फाटकात उभी होते. वर्षानं माहेरी आले होते. आखाजी तोंडावर होती. आणि माझ्या वडिलांनी मला विचारलं ते हे.

"नाना, मी आलेय," मी म्हटलं.

"ते दिसतंय. एखाद्या टपरीवर, हॉटेलाबाहेर, कुठे झोक्याच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या?"

"मी खिडकीत डोळे मिटून बसले होते. ऊन काय मी म्हणतंय बाहेर."

"डोळे उघडे ठेवायचे होते," नाना म्हणाले आणि पाठ फिरवून पुन्हा हौदाकडे गेले.

हौद कोरडा होता. आखाजीच्या आधीच्या दिवसांत तो हौद असा कोरडा मी जन्मात पाहिला नव्हता. एरवी त्यात पाण्याला वर यायला जागा नसायची, इतक्या बाटल्या. कडेनं बायका बसलेल्या, कोपरापर्यंत हात पाण्यात, ब्रश फिरतोय, बांगड्या वाजताहेत आणि जात्यावर बसल्यासारखं गाणं चाललंय. त्या दिवशी त्याच बायका पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी गोदामावशी मला बघून उठली, तिनं माझ्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली आणि हळूच म्हणाली, "बाटल्याच नाहीत गं बाई. अर्क काढून तयार आहे, साखरेचा पाक तयार आहे, गॅस आलाय. भरायचं कशात? आमच्या ओंजळीत?"

'झोका' हे आमच्या नानांचं पेय. वाळ्याचा अर्क, कागदी लिंबाचा रस, साखर आणि गॅस, एवढंच त्यात असायचं. रंग फिकट हिरवा, कोवळ्या केळीच्या पानाच्या पाठीसारखा. बाटली जाड हिरवट काचेची आणि तिच्या पोटावर काचेतच उठवलेली आंब्याची फांदी, फांदीला झोका, झोक्यावर नऊवारीतली मुलगी. बाटली हातात धरली की त्या मुलीची उडती वेणी तळव्याला लागायची. चोपड्यापासून तापीच्या दोन्ही काठांवरच्या खेड्यांपर्यंत झोका जायचा, आणि सगळ्यात जास्त जायचा तो आखाजीला. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. दिवाळीला नाही जमलं तर चालेल, पण आखाजीला लेक माहेरी हवीच. आंब्याला दोर बांधायचे, झोके घ्यायचे, गौराईची गाणी म्हणायची, पितरांच्या नावानं घागर भरायची आणि सासरचा सगळा उन्हाळा झोक्यावरून खाली सांडून द्यायचा.

गावातल्या भिंतींवर नानांनी रंगवून घेतलं होतं: 'झोका, माहेरचा गारवा.' आणि त्याखाली जरा लहान अक्षरांत: 'आखाजीला लेकीला अनामत नाही.'

बाटलीची अनामत दुकानदाराकडे ठेवायची, बाटली परत दिली की ती परत न्यायची, ही सगळीकडची रीत. पण नाना म्हणायचे, स्वतःच्या लेकीला खायला घालताना ताटाची अनामत घेतो का आपण? म्हणून आखाजीच्या आठवड्यात गावची लेक असं नुसतं म्हटलं, की दुकानदार बाटली तशीच देई. त्या आठवड्यात सगळ्या गावाला लेकीच लेकी असत.

संध्याकाळी धनराज आला. बाजारपेठेतलं सगळ्यात मोठं दुकान त्याचं. झोक्याचे पहिले दिवस त्यानंच पाहिले, पहिली खोकी त्यानंच विकली. तो खुर्चीवर बसला नाही, उभ्यानंच बोलला.

"नाना, मला तुमच्यापुढं तोंड उघडायला लाज वाटते. पण त्या मोठ्या कंपनीचा माणूस रोज येतो. फ्रीज देतो म्हणतो, फुकट. माणसाएवढा उंच. अट एकच, आत दुसऱ्या कुणाची बाटली ठेवायची नाही."

"मग घे की फ्रीज," नाना म्हणाले.

"घेतला नाही ना अजून! घेतला असता तर आलो असतो का? सगळे दुकानदार माझ्याकडे बघताहेत. मी त्यांना म्हटलंय, आखाजीपर्यंत थांबा. नानांचा माल आला तर बर्फाच्या पेटीतच विकू, यंदाही आणि पुढंही. पण नाही आला, तर ऐन आखाजीत मी गिऱ्हाइकाला काय, कोरडा बर्फ देऊ चघळायला?"

"येईल माल."

"कशात भरून?" धनराज म्हणाला. त्याला बिचाऱ्याला टोमणा मारायचा नव्हता, पण दिवसभरात दुसऱ्यांदा तोच प्रश्न ऐकून माझ्याच डोक्यात सणक गेली.

नव्या बाटल्या मिळणार नव्हत्या. ज्या काचकारखान्यात आमचा साचा होता, तिथं नवे मालक आले होते. एवढ्याशा मालासाठी भट्टी लावत नाही, म्हणाले, आणि साचा मोडीत काढून मोकळे झाले. आता जगात झोक्याच्या जेवढ्या बाटल्या होत्या तेवढ्याच होत्या, आणि त्या कुठं होत्या ते कुणालाच माहीत नव्हतं.

नानांना मात्र माहीत होतं. म्हणजे त्यांची तशी खात्री होती.

"खैरनारनं दाबून ठेवल्यात," ते म्हणाले. खैरनार म्हणजे त्या मोठ्या कंपनीचा आमच्या भागातला एजंट. "गोदामात रचून ठेवल्या असतील. मला बाटलीवाचून मारायचा डाव आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्याच्या गोदामावर गेलो. नानांनी इस्त्रीची टोपी घातली होती. भांडायला जाताना ते नेहमी टोपीला इस्त्री करून घेत.

खैरनार चहा पीत होता. तोंडभर हसला. "या नाना, या. रतनताई कधी आल्या? नाशिककर काय म्हणतात?"

"माझ्या बाटल्या दे," नाना म्हणाले.

"बसा तरी."

"बसायला नाही आलो."

खैरनारनं कप खाली ठेवला, किल्ली काढली, गोदामाचं शटर स्वतः वर ढकललं. "शोधा," म्हणाला. "एक जरी सापडली तर इथंच माझ्या डोक्यात फोडा."

माझा तो म्हातारा बाप आत शिरला आणि खोक्यांमागून खोकी बघत सुटला. वरची उतरवून खालची बघितली, मागची ओढून पुढं आणली, कोपऱ्यात वाकून हात घातले. टोपी काळी झाली, धोतराला वंगण लागलं. मी म्हणत होते, नाना, पुरे आता, पण ते ऐकूच येत नसल्यासारखं करत होते. झोक्याची एक बाटली निघाली नाही.

खैरनार दाराशी टेकून सगळं बघत होता. शेवटी म्हणाला, "खोटं कशाला बोलू नाना, तुम्हाला बुडवायचाच विचार होता. दुकानदारांना सांगितलं होतं, झोक्याची रिकामी आणा आणि आमची भरलेली न्या. बाटलीला बाटली, वर पैसा नको. एक नाही आली हो. एक!" आणि मग त्यालाच हसू आवरेना. "आमच्या घरातच दोन आहेत. बायको तुमच्या गावची ना. मागितल्या, तर म्हणते कशी, हात लावून तर बघा!"

वाटेत नाना माझ्या पुढं पुढं, ताडताड चालत होते. शत्रूच्या घरीही आपला माल सापडू नये, याचा त्यांना राग आला होता की कसला, कोण जाणे. मला मात्र खैरनारच्या बायकोचं ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. बाटल्या गावच्या लेकींच्या सासरी, घराघरांत होत्या. मग त्या परत का येत नव्हत्या?

घरी आल्याबरोबर मी इस्माईलचाचांना टेम्पो काढायला सांगितलं. चाचा आमच्याकडे टेम्पो चालवायचे. तापीकाठचं प्रत्येक गाव आणि गावातला प्रत्येक खड्डा त्यांना नावानं ठाऊक होता.

"बेटी, आखाजीला माहेरी आलीस, झोका खेळ ना," ते म्हणाले.

"तेच खेळायला निघालेय, चाचा. चला."

वैशाखातलं ऊन. काळी माती भेगाळलेली, टेम्पोच्या पत्र्याला हात लावला तर चटका. पहिल्या गावात पहिल्या घरी मी विचारलं, "झोक्याच्या रिकाम्या बाटल्या आहेत का? कारखान्यातून आलेय."

"नाही वं माय. कुठल्या बाटल्या?" बाई म्हणाली. तिच्या मागं खिडकीत हिरवी बाटली होती, तिच्यात तुळशीची मंजिरी.

"ती काय मग?"

"ती होय? ती तेलाची."

"तिच्यावर झोका आहे."

"असंल. मला काय दिसतंय का धड आता?" आणि तिनं दार पुढं केलं. वय तिचं माझ्याहून कमी असेल.

दुसऱ्या घरी बाटलीला लोकरीचं विणलेलं झबलं घातलं होतं आणि ती फळीवर, नवऱ्याच्या फोटोशेजारी होती. तिसऱ्या घरी बाईनं बाटली माझ्यादेखत पदराआड घेतली आणि म्हणाली, फुटली. मी म्हटलं, कधी? म्हणाली, मागंच. चौथ्या घरी म्हातारीनं मला पाणी दिलं, गूळ दिला, बसायला पाट दिला, माझ्या सासूची विचारपूस केली, पण बाटलीचं नाव काढलं की तिला काही ऐकूच यायचं नाही. अनामत देते म्हटलं तर बायका हसत. दुप्पट देते म्हटलं तर चिडत. गावामागून गाव झालं. टेम्पोत मागं रिकामी खोकी खडखडत होती, आणि त्या खडखडाटानं माझं डोकं उठलं. या माणसांना झोका हवा होता ना? मग बाटली का देववत नव्हती यांना? झोका बंद पडला, तर काय पुजायच्या होत्या त्या बाटल्या?

दुपार कलताना आम्ही कौतिकच्या गावाला पोचलो. कौतिक आमच्या मागच्या गल्लीतल्या शिंप्याची मुलगी. आम्ही एकाच फांदीला झोके बांधलेले. तिला बघून मला इतकं हायसं वाटलं की तिच्या ओट्यावर मी बसलेच.

"रतनताई!" ती धावत आली, मग सासूकडं बघून चालत आली.

"कौतिक, तू तरी खरं सांग. बाटल्या आहेत ना तुझ्याकडं?"

आतून सासू म्हणाली, "आहेत ना. देवाजवळ ठेवल्यात आमच्या राणीनं. आमच्या देवांना टेकायला जागा नाही, हिच्या माहेरच्या बाटल्या बसल्यात ऐसपैस."

मी बसल्या जागेवरून आत डोकावले. देवघरात खरंच बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीला हळदीचं बोट.

"मग दे ना! नानांचा कारखाना बंद पडायची वेळ आलीय गं. बाटल्या नाहीत म्हणून."

तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! मला काय माहीत? पण रतनताई, रिकामं भांडं माहेरी कसं धाडू? शेजारणीची वाटी आली तरी आपण तिच्यात साखरेचा दाणा टाकून देतो. आणि हे तर माहेरचं. तेही आखाजीत, घागरी भरायच्या दिवसांत? भावाच्या घरात रिकामं भांडं जाईल माझ्या हातचं."

"भांडं नाहीये ते कौतिक! बाटली आहे. कारखान्याची बाटली. मशिनवर भरतात, दुकानात विकतात."

"भिंतीवर तर लिहिलंय, माहेरचा गारवा."

"ते जाहिरातीपुरतं गं!"

कौतिकनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या आईबद्दल काही वावगं बोलले असते, तर तिनं असंच बघितलं असतं. मी उठले. सकाळपासूनचं ऊन, धूळ, खोक्यांचा खडखडाट, सगळं माझ्या घशाशी आलं आणि मी ओरडले, "रिकामी देववत नाही ना? मग भरून दे! ज्वारी घाल, माती घाल, काय वाटेल ते घाल, पण दे बाई!"

मी रागानं बोलले होते. कौतिकचा चेहरा मात्र दिवा लावल्यासारखा उजळला. "भरून नेशील? खरंच नेशील तू?"

ती आत गेली. एका बाटलीत तिनं तीळ भरले, एकीत तूरडाळ, एकीत हळद. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला तिनं जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. बांधता बांधता सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "यंदा मला पाठवत नाहीत माहेरी. नानांना सांग, माझ्या बाटल्या आल्यात."

ही बातमी कशी पसरली मला कळलं नाही. आम्ही गावाबाहेर पडतोय तोवर बायका टेम्पोला आडव्या. कारखान्याची लेक आलीय, बाटल्या भरून माहेरी नेतेय. परतीच्या वाटेवर ज्या ज्या गावानं सकाळी दारं लावली होती, त्या त्या गावानं दारं उघडली. जिची फुटली होती तिची सांधली गेली, जिला ऐकू येत नव्हतं तिला ऐकू यायला लागलं. शेंगदाणे, उडीद, धने, मोहरी, शेंगदाण्याचं तेल, एकीत तर गाईचं तूप. कुणाच्या बाटलीला लाल दोरा, कुणाच्या फुटकी बांगडी, कुणाच्या केसांचं आगवळ. इस्माईलचाचा खोकी लावता लावता हसत सुटले. "बेटी, किराण्याचं दुकान टाक आता."

मीही हसत होते. मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की टेम्पो भरलाय. ओतायचं, धुवायचं, झोका भरायचा आणि धनराजच्या दारात खोकी उतरवायची. सगळ्या खानदेशाला जे जमलं नाही ते मी एका दिवसात करून आणलं होतं.

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही कारखान्यात पोचलो. बायका पडवीतून धावत आल्या. नाना आले. त्यांनी एक बाटली उचलली, तिळाची. चिंधीवरून बोट फिरवलं.

"ही कुणाची?"

"कुणाची म्हणजे? आपली, नाना. आपल्या बाटल्या आणल्या मी!"

"चिंधी कुणी बांधली?"

"कौतिकनं. शिंप्यांच्या. त्यांना रिकामं भांडं माहेरी पाठवायचं नव्हतं म्हणून भरून दिल्यात. ओतू या ना पटकन. धनराजला सकाळी माल द्यायचाय."

नाना बाटली हातात धरून तसेच उभे. गोदामावशीनं दुसरी उचलली, तिसरी बघितली. मग ती नानांकडं बघून हळूच म्हणाली, "सगळ्यांना खुणा आहेत."

"आहेत ना," नाना म्हणाले.

"आहेत तर आहेत! धुतल्यावर जातील खुणा," मी म्हटलं.

"कौतिक काय म्हणाली निघताना?" नानांनी विचारलं.

"काय म्हणायचं? म्हणाली, यंदा पाठवत नाहीत मला."

"आणि?"

"नानांना सांग, माझ्या बाटल्या आल्यात."

"म्हणजे तिनं बाटल्या परत नाही केल्या, रतन. भरायला पाठवल्यात. लेकीचं भांडं भरून आलं, की ते भरून तिलाच जातं. खूण कशाला बांधतात मग?"

"नाना, नाही हं," मी म्हटलं. "असं नाही करायचं. मी सबंध दिवस उन्हात मेलेय त्या बाटल्यांसाठी. त्या आपल्या आहेत, तुम्ही विकत घेतलेल्या काचेच्या आहेत. त्यांच्यात झोका भरायचा आणि दुकानात द्यायचा. हा धंदा आहे!"

"धंदा आहे. पण भिंतीवर मी काय लिहिलंय?"

"पुसा ते! चुना मारा त्याच्यावर! तेवढ्या अक्षरांपायी सगळं चाललंय आपलं. ज्यांच्याकडून अनामत घेतली नाही त्यांनी बाटल्या ठेवून घेतल्या, आणि आता त्यांनी भरून पाठवल्या तर त्या भरून परत त्यांनाच द्यायच्या? मग दुकानात काय द्यायचं? उद्या धनराज फ्रीज घेईल. त्याच्यामागं सगळे घेतील. एकदा तो फ्रीज दुकानात आला, की तुमचा झोका संपला, नाना. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," नाना म्हणाले. "मला सकाळीच कळलंय. खैरनारच्या गोदामात."

नानांनी तिळाची बाटली पडवीच्या कडेला नीट उभी केली.

"तो बाटलीला भरलेली बाटली देत होता, तरी एका बाईनं झोक्याची दिली नाही. त्याच्या स्वतःच्या बायकोनं दिली नाही. आता मी जर त्या पोरींकडून असं काढून घेतलं, तर तो खैरनार बरा ना माझ्यापेक्षा. त्यानं निदान तोंडावर सांगितलं."

"एक उन्हाळा, नाना. फक्त हा एक. आखाजीपुरत्या दुकानात देऊ, रिकाम्या झाल्या की त्यांच्या त्यांना पोचवू."

"दुकानातून परत येतील याची हमी घेशील?"

कशी घेणार हमी? या गावात झोक्याची बाटली एकदा हातात पडली की ती कुणाच्या ना कुणाच्या लेकीची व्हायची. तीच तर सगळी रड होती.

मी रागानं पिशवी उचलून आत गेले. जेवले नाही. आतून मला ऐकू येत होतं, गोदामावशी डाळी, तीळ, मोहरी वेगवेगळ्या परातींत ओतून घेत होती, आणि नाना बजावत होते, खुणा सोडू नका, वर सरकवून धुवा. तेलाच्या बाटल्यांनी बायकांना रडवलं, कॉस्टिक सोड्याचं पाणी तीन-तीनदा बदलावं लागलं. मग हौद भरला. मग बांगड्या वाजल्या. आणि मग गाणं सुरू झालं, कान झाकले तरी आत येत होतं:

हिरव्या गं काचेतून दिसे हिरवं माहेर,
तोंड लावता ओठाला, डोळ्याला का येई धार…

सकाळी धनराज आला, तेव्हा भरलेली खोकी टेम्पोत चढत होती. त्याचा चेहरा उजळला. "नाना! आला का माल?"

"हा दुकानाचा नाही," नाना म्हणाले. "लेकींचा आहे."

धनराजनं माझ्याकडं बघितलं. मी मान फिरवली. तो पुढं होऊन नानांच्या पाया पडला आणि निघून गेला. त्याच दुपारी त्याच्या दुकानापुढं फ्रीज उतरला. अख्खी बाजारपेठ बघायला जमली. माणसं दार उघडून आत हात घालत, गार हात एकमेकांच्या गालाला लावत. त्या आखाजीला गाव ते दुसरं पेय प्यालं. ते वाईट होतं असं मी म्हणणार नाही. गार होतं, गोड होतं, आणि बाटली दुकानात परत द्यायला कुणालाच काही वाटत नव्हतं.

तापीकाठच्या गावांतून इस्माईलचाचा परतले तेव्हा टेम्पो रिकामा होता. मी विचारलं, कौतिक काय म्हणाली? चाचा म्हणाले, "काही नाही, बेटी. बाटली गालाला लावून उभी राहिली. सासू म्हणाली, एक मला दे. तिनं दिली."

झोका त्यानंतर झाला नाही. एकेक करत सगळ्या दुकानदारांनी फ्रीज घेतले. पावसाळ्यात गॅसचं मशिन मालेगावच्या कुणीतरी नेलं, कारखान्याची जागाही विकली गेली, आणि घेणाऱ्यानं हौदात माती भरून वर पत्र्याची शेड टाकली. नानांनी पुढं किराण्याचं दुकान घातलं. या सगळ्याला आता इतकी वर्षं झाली, की वाळ्याचा अर्क, लिंबू आणि गॅस एकत्र आणला तर काय होतं हे मी सांगायला बसले तर माझी नातवंडं म्हणतात, हो का, आणि उठून जातात.

पण मला अजून दिसतो तो मी सासरी निघाले तो दिवस. स्टँडवर गर्दी होती, माहेरवाशिणी, ट्रंका, पापडांचे डबे, रडणाऱ्या आया. आखाजीचे सगळे दिवस मी नानांशी कामापुरतं बोलले होते. ते ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि माझ्यापुढं धरलं. फडक्यातून हिरवं दिसत होतं.

"शेवटच्या खोक्यात एक राहिली होती," ते म्हणाले. "तुझी."

"मला नको."

"घे गं. घरी जाऊन पी."

"घरी जाऊन पिईन आणि मग काय करीन? देवाजवळ ठेवीन?"

मी शेजारच्या रसवंतीवाल्याकडून ओपनर मागितला, बूच उडवलं आणि तिथंच, भर स्टँडवर, उभ्यानं, बाटली तोंडाला लावली. वाळ्याचा वास आधी नाकात गेला, मग लिंबू, मग गॅस. घसा जळत गेला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते गॅसनं की कशानं, मी बघत बसले नाही. एका दमात संपवली. तोंड पुसलं आणि बाटली नानांच्या हातात दिली.

"घ्या. एक तरी परत आली तुमची."

माझ्या मागं उभी असलेली एक म्हातारी दचकली. "अगं माय! रिकामी दिलीस बापाच्या हातात?"

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं, नाना रागावतील. किंवा फडक्यानं डोळे पुसतील, आणि मग मला बसमध्ये चढवणार नाही. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी बाटली उन्हात वर धरली, एक डोळा मिटून आरपार बघितली, हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवली. कुठं चीर गेलीय का. मग काठावरून अंगठा फिरवला, कुठं टवका उडालाय का. वर्षानुवर्षं हौदाच्या कडेला उभं राहून ते प्रत्येक बाटलीला असंच बघायचे आणि मगच भरायला सोडायचे.

कंडक्टरनं घंटी मारली. मी चढले, खिडकीशी बसले. नाना खिडकीखाली आले. त्यांचा चेहरा कामात असतानाचा, गंभीर आणि समाधानी होता.

"चांगली आहे," ते म्हणाले. "अजून खूप उन्हाळे चालेल."